पाणी मोजून दिले कधी?

पाणी वापर संस्था फसल्या, असा निकाल आता ठिकठिकाणी ऐकू येतो. निवृत्त अभियंते चर्चासत्रांत तो देतात, शेतीच्या अर्थकारणावर लिहिणारे देतात, आणि ज्यांनी मार्चअखेरच्या उद्दिष्टांसाठी या संस्था घाईघाईने नोंदवून घेतल्या तेही देतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारने 2005 साली कायदा करून कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती सोपवला, शेतकऱ्यांना तो पेलला नाही. निवडणुका होत नाहीत, पाणीपट्टी थकते, हेडचा, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेला, बागायतदार टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या शेतांपर्यंत, पाणी पोचू देत नाही. तेव्हा हा प्रयोग गुंडाळावा, चाऱ्या बुजवून नळ टाकावेत आणि ते चालवायला कंत्राटदार नेमावा.

या तक्रारी खोट्या नाहीत. लाभक्षेत्रात फिरणाऱ्या कुणालाही नावापुरत्या उरलेल्या संस्था दिसतात. माझा आक्षेप निदानाला आहे. 2005 चा कायदा हा दोन पक्षांमधला करार होता. संस्थेने काय करायचे आणि जलसंपदा विभागाने काय करायचे, दोन्ही त्यात लिहिलेले आहे. करार मोडला कुणी याची चौकशी करताना आजवर एकाच पक्षाची झडती घेतली गेली, आणि तो पक्ष शेतकरी होता.

कायद्याचे पूर्ण नाव महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्याचे नियम 2006 मध्ये झाले. संस्थेचे कार्यक्षेत्र गावाची शीव पाहून ठरत नाही, पाण्याचा मार्ग पाहून ठरते. एका मायनरवरचे, म्हणजे वितरिकेतून निघणाऱ्या लहान कालव्यावरचे, सगळे खातेदार एका संस्थेत येतात. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारख्या जागा. विभागाने संस्थेबरोबर चारीची संयुक्त पाहणी करायची, दुरुस्ती करून द्यायची, मायनरच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवायचा, आणि संस्थेचा हक्क घनमापनाने, म्हणजे हंगामाला इतके हजार घनमीटर असा, करारनाम्यात लिहून द्यायचा. त्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी ठरवणार. मायनरच्या दाराखालचे वाटप, वसुली आणि चारीची निगा संस्थेकडे. दाराच्या वरचे सगळे, धरणापासून मुख्य कालव्यापर्यंत आणि तिथून वितरिकेतून मायनरच्या तोंडापर्यंत, विभागाकडे.

याआधीची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या तरतुदीचे मोल कळेल. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरत असे. पीक कोणते, क्षेत्र किती, एवढे लिहायचे. मंजुरी आली की शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, पाणी यायचे. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. शेतात प्रत्यक्ष किती पाणी पोचले, हा आकडा त्या सगळ्या कागदपत्रांत कुठेच नसायचा. मिळालेली पाळी अपुरी होती हे सिद्ध करायला शेतकऱ्याकडे काही साधन नव्हते, आणि उसाला दुप्पट पाणी ओढून घेणाऱ्याची पट्टी तेवढीच राहत होती. 1976 साली राज्याचा स्वतःचा पाटबंधारे अधिनियम आला, पण त्याखालचे नियम करायला कित्येक दशके कुणाला सवड झाली नाही. 1879 च्या ब्रिटिश कायद्याखाली 1934 साली केलेल्या मुंबई कालवे नियमांवरच कारभार हाकला गेला. मोजून पाणी द्या ही मागणी मात्र त्या नियमांहूनही जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इरिगेशन खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले, तेव्हा शेतकऱ्याला गरजेपुरते पाणी मोजून देणाऱ्या तोट्यांची मागणी केली होती.

आता मायनरच्या तोंडाशी काय घडते ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच सुटतो किंवा अडतो. एक क्युसेक प्रवाह चोवीस तास वाहिला तर सुमारे 2,447 घनमीटर पाणी होते. एका हेक्टरला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी द्यायला 750 घनमीटर लागतात. चारीतली गळती बाजूला ठेवली, तरी एका क्युसेकवर दिवसाला सव्वातीन हेक्टर भिजते. समजा, मायनरला तीन क्युसेक द्यायचे ठरले आहे, आवर्तन दहा दिवसांचे आहे, आणि प्रत्यक्षात दोनच क्युसेक सोडले गेले. बत्तीस हेक्टर कोरडे राहिले. ते बत्तीस हेक्टर नेहमी टेलचेच असतात. सचिवाने कितीही प्रामाणिकपणे पाळ्या लावल्या, पाटकरी रात्रभर चारीवर जागला, तरी न आलेले पाणी तो वाटणार कुठून? मग गावात भांडण उभे राहते, दारे फोडली जातात, टेलचा शेतकरी म्हणतो की पाणीच नाही तर पट्टी कसली, आणि पुढच्या वर्षी तो सभेलाच येत नाही. बाहेरून पाहणारा लिहून ठेवतो: शेतकऱ्यांत एकी नाही.

आणि तो हरवलेला एक क्युसेक कुणाच्या वहीत आहे? बऱ्याच ठिकाणी कुणाच्याच नाही. प्रवाह मोजणारा फ्लूम बांधला गेला असेल तर त्याची मोजपट्टी पुसून गेलेली असते, किंवा खालच्या अंगाला गाळ साचून पाणी तुंबलेले असते आणि वाचन निरर्थक ठरते. जिथे नोंद होते तिथे ती विभागाचा माणूस करतो आणि तिच्यावर संस्थेची सही नसते. घनमापनाच्या करारात घनमापनच नसेल तर उरतो तो जुना सात नंबरचाच कारभार, फक्त अर्ज गोळा करायचे आणि शिव्या खायचे काम संस्थेकडे आलेले.

पाण्याच्या मापाइतकीच त्याची तारीख महत्त्वाची. गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाणी लागते. ते दहा दिवस लांबले तर पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले उत्पादन परत मिळत नाही. आपल्याकडे 15 ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून विभाग प्राथमिक सिंचन कार्यक्रम तयार करतो, मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तनांच्या तारखा ठरतात. समितीच्या बैठकीला मंत्री आणि आमदार असतात. वृत्तपत्रांत फोटो येतात. बैठक लांबली की आवर्तन लांबते. बैठकीत ठरलेली तारीख एखाद्या वजनदार माणसाच्या फोनवर बदलली, तरी ती का बदलली हे टेलच्या संस्थेला कुणी लेखी कळवत नाही. ज्या संस्थेला आपले पाणी कधी येणार आणि किती येणार हे दोन्ही ठाऊक नाही, तिने सभासदांना कोणत्या भरवशावर पेरणीचा सल्ला द्यायचा, आणि कोणत्या तोंडाने आगाऊ पट्टी मागायची?

हे मी आज शोधून काढलेले नाही. रॉबर्ट वेड यांनी दक्षिण भारतातल्या कालव्यांचा अभ्यास करून 1982 साली लिहिले की पाटबंधारे खात्यातल्या बदल्या, त्यांच्यासाठी मोजावे लागणारे पैसे आणि शेतकऱ्यांकडून होणारी वसुली ही एकमेकांना जोडलेली साखळी आहे. पाणी कधी येईल याची अनिश्चितता त्या साखळीला पोसते. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1988 मध्ये सांगितले की सुधारणेचे सगळे प्रयत्न शेताच्या बांधाशी चालतात, आणि मुख्य कालव्याच्या व्यवस्थापनाकडे कुणी वळत नाही. त्यानंतर आंध्र प्रदेशाने 1997 साली एकाच जून महिन्यात दहा हजारांहून अधिक पाणी वापर संस्थांच्या निवडणुका घेतल्या. देशभर कौतुक झाले. पण वरचे खाते होते तसेच राहिले, आणि काही वर्षांत त्यांतल्या बहुतेक संस्था कामांच्या ठेक्यांपुरत्या उरल्या. महाराष्ट्राने हे सगळे डोळ्यांसमोर असताना तीच चूक थोड्या संथ गतीने केली.

शेतकऱ्याला कालवा झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर जावे. तिथली आणि मोसम, आराम या नद्यांवरची फड पद्धत काही शतके चालली. बंधारा, पाट, फडांची विभागणी, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात हंगामी पीक याचा सामुदायिक निर्णय, पाणी देणारे पाटकरी आणि राखण करणारे जागले, हे सगळे गावाने ठरवले आणि गावाने पोसले. कुणाला लिहिता येत होते, कुणाला नव्हते. फडाचे यश शेतकऱ्यांच्या साधुत्वावर उभे नव्हते. बंधाऱ्याच्या माथ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत सगळे पाणी त्यांच्या ताब्यात होते. आज नदीला किती आहे हे सगळ्यांना दिसत होते, आणि तूट आली तर ती कशी वाटायची हे आधी ठरलेले होते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचे पाणी दुसऱ्यांच्या हुकमाने सुटू लागले, आणि फड खिळखिळे झाले.

आजच्या काळातला दाखला हवा असेल तर नाशिक जिल्ह्यातले वाघाड आहे. मी या उदाहरणापाशी मुद्दाम थांबतो, कारण संस्था फसल्या म्हणणारे वाघाडला अपवाद म्हणून बाजूला सारतात. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटी ओझर आहे. धरण होऊनही ओझरच्या शेतांना वर्षानुवर्षे पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि 1990 नंतर महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन संस्था उभ्या राहिल्या. या संस्था टेलला उभ्या राहिल्या, ही गोष्ट कळीची आहे. त्यांनी विभागाशी घनमापनाचा करार केला आणि पाणी आपल्या हद्दीत मोजून घेतले. टेलला मोजून पाणी पोचवायचे तर वरच्या प्रत्येक दाराचा हिशेब लागतो. त्यामुळे वरच्यांनाही संस्था करणे भाग पडले. पुढे या कालव्यांवर चोवीस संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. धरणातल्या साठ्यापासूनचे नियोजन शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर होऊ लागले. संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून ते कालव्याच्या पाण्याने भरून घेतले, विहिरींना पाझर वाढला, आणि त्या विहिरींवर ठिबकने द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

कार्यकर्ते चांगले मिळाले म्हणून वाघाड घडले, असे म्हटले जाते. कार्यकर्ते चांगले होतेच. पण चांगले कार्यकर्ते महाराष्ट्रात इतरही अनेक कालव्यांवर राबले आणि थकले. वाघाडला त्यांच्या कष्टांना मोजलेले पाणी आणि लेखी करार यांचा आधार मिळाला, पाण्याचा निर्णय जिथे होतो तिथपर्यंत शेतकरी पोचला. इतरत्र शेतकऱ्याला मायनरच्या दाराशी थांबवले गेले.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. अनेक संस्था गावातल्या बड्या बागायतदारांनी आणि पक्षांच्या कार्यकर्त्यांनी बळकावल्या आहेत. जागतिक बँकेच्या कर्जातून 2005 नंतर जलक्षेत्र सुधार प्रकल्प आला, चाऱ्यांच्या दुरुस्तीला पैसे आले, आणि संस्था नोंदवण्याची एकच धांदल उडाली. जिथे दुरुस्तीच्या कामाचा ठेका हेच संस्थेचे एकमेव खरे काम होते, तिथे ठेक्यात रस असलेले लोक पुढे आले आणि काम संपल्यावर निघून गेले. पण यावर उपाय काय? कारभार पुन्हा खात्याकडे दिल्याने बडा बागायतदार दुबळा होत नाही. खात्याच्या कारभारात तर तो याहून सुखी होता. त्याला आवर घालते ती उघडी नोंद. मायनरला किती आले, हेडने किती घेतले, मध्याने किती, टेलला किती उरले, हे आवर्तन संपल्याबरोबर चावडीवर लागले, तर टेलच्या संचालकाच्या हाती बोलायला काहीतरी येते.

2005 च्या कायद्यातही एक उणीव आहे आणि तिच्याबद्दल संस्था फसल्याचा घोष करणारे कधी बोलत नाहीत. सभासदत्व जमिनीवर बेतलेले आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला सार्वजनिक पैशाने अडवलेल्या पाण्यावर काहीच हक्क नाही. शेतात राबणाऱ्या बहुसंख्य बायका यातच येतात, कारण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते दिले, भूमिहीनांचा वाटा मानला आणि उसाला मनाई केली. कायदा सुधारायचाच असेल तर या दिशेने सुधारा.

राहिला नळांचा प्रश्न. बंदिस्त नलिकांना माझा विरोध नाही. जमीन वाचते, बाष्पीभवन आणि चोरी कमी होते. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत श्रमिक मुक्ती दलाच्या दीर्घ लढ्यानंतर टेंभू योजनेचे पाणी समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने नळांतून देण्याची आखणी झाली, आणि ती आशादायक आहे. पण तिथे आधी वाटपाचे तत्त्व ठरले, मग नळ आले. तत्त्व न ठरवता नुसते नळ टाकले तर हेडचा शेतकरी झडप उघडी ठेवणार आणि टेलला दाब मिळणार नाही. उघड्या चारीत निदान पाणी कुठे अडले ते दिसते, जमिनीखाली तेही दिसणार नाही. शिवाय कालव्याच्या झिरप्यावर लाभक्षेत्रातल्या हजारो विहिरी जगतात. त्या पाण्याला वाया गेलेले पाणी म्हणून हिशेबातून काढून टाकणाऱ्यांनी वाघाडच्या बागा कोणत्या पाण्यावर उभ्या आहेत हे आधी पाहावे.

पट्टी थकण्याबद्दलही निदान चुकते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005 साली आले आणि ठोक जलदराचा पहिला आदेश 2011 मध्ये निघाला. दर घनमापनावर आहेत. मोजमाप नसताना घनमापनाचे बिल निघते कसे, हा प्रश्न वसुलीच्या टक्केवारीवर बोलणाऱ्या कुणीही विचारलेला मी ऐकला नाही.

2012 साली राज्यात सिंचनावरून केवढे वादळ उठले ते वाचकांना आठवत असेल. आर्थिक पाहणीने सांगितले की पिकाखालच्या क्षेत्रातला सिंचनाचा वाटा 2001-02 मध्ये 17.8 टक्के होता आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, 2014 मध्ये त्याचा अहवाल आला. वादाचा बहुतेक भाग निविदा आणि वाढीव किमती यांवर खर्च झाला. तो व्हायलाच हवा होता. पण बांधून झालेल्या कालव्यांतून पाणी कुणाला मिळते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला तो पडलाच.

मोजून वाटप या राज्यात अशक्य आहे, असेही कुणी सांगू नये. गोदावरी खोऱ्यात वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद किती तापला हे सर्वांनी पाहिले. तरीही मेंढेगिरी समितीचे पाणीवाटपाचे सूत्र आले, प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले, आणि त्यानंतर 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली आहे की नाही हे पाहून निर्णय होऊ लागला. मोर्चे निघतात, याचिका होतात, पण आकडा सगळ्यांसमोर असतो आणि वाद त्या आकड्यावर होतो. जे दोन प्रदेशांमध्ये करता येते ते एकाच कालव्याच्या हेड आणि टेलमध्ये करता येणार नाही, हे मला कुणीही पटवू शकणार नाही.

तेव्हा सुधारणा वरून सुरू करा. प्रत्येक वितरिकेच्या आणि मायनरच्या तोंडाशी चालू स्थितीतला प्रवाहमापक हवा आणि त्याच्या नोंदवहीत विभाग आणि संस्था या दोघांच्या सह्या हव्यात. कालवा सल्लागार समितीत टेलच्या संस्थांना मतासह जागा हवी आणि तिचे इतिवृत्त आठवड्याच्या आत जाहीर झाले पाहिजे. ठरलेले पाणी ठरलेल्या तारखेला मिळाले नाही तर विभागाने पट्टीत सूट द्यायची, ही अट करारनाम्यात हवी. आज सगळे दंड एकाच बाजूला आहेत. जललेखा, स्थिरचिन्हांकन आणि सिंचन स्थितीदर्शक अहवाल काढण्यात महाराष्ट्र एकेकाळी देशात पुढे होता. ते अहवाल दरवर्षी, वेळेवर, मायनरनिहाय आकड्यांसह निघाले पाहिजेत. यातल्या एकाही गोष्टीला नवे धरण लागत नाही.

आणि लाभक्षेत्रातल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या 15 ऑक्टोबरनंतर तुमच्या कालव्याचा सिंचन कार्यक्रम ठरेल. शाखा कार्यालयात जा, गेल्या वर्षी तुमच्या मायनरला किती घनमीटर पाणी दिले याचा लेखी आकडा मागा. तोंडी उत्तर घेऊ नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तर करा, आणि मिळालेला कागद, किंवा नोंद उपलब्ध नाही असे लिहून आलेले उत्तर, संस्थेच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा.